आमचे साडू आणि त्यांचे बिअरचे ग्लास

नागपुरातल्या जितक्या बारमध्ये आमच्या साडूंना ओळखतात, तितक्या बारमध्ये शहरातला एकही नामांकित पिणारा ओळखला जात नसेल; आणि आमच्या साडूंनी आयुष्यात बिअरचा एक थेंबही जिभेवर घेतलेला नाही. सकाळी अकराच्या सुमारास, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या पडलेल्या असताना, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत कापडी पिशवी अशा वेशात हा गृहस्थ आत शिरतो आणि गल्ल्यावरचा मालक चक्क उठून उभा राहतो. "या सर, तुमच्यासाठी एक काढून ठेवलाय," म्हणतो. नव्या वेटरला वाटतं, साहेब जुनं गिऱ्हाईक आहेत आणि मालकाने त्यांच्यासाठी काहीतरी खास मागवून ठेवलं आहे. मग साहेब एक गोड लिंबू सोडा मागवतात, आणि मालक काउंटरखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला रिकामा ग्लास काढून त्यांच्यापुढे ठेवतो. साडू तो दोन्ही हातांनी उचलतात, दाराकडे वळून उजेडात धरतात, त्यावर छापलेला घोडा, गरुड, किल्ला जे काही असेल ते डोळे भरून पाहतात आणि मालकाला विचारतात, "हा कुठून आला जी? कोणी वापरे याले?"

साडू हे नातं मोठं चमत्कारिक असतं. दोन अनोळखी माणसांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, एवढ्या एका कारणाने त्यांना जन्मभर एकमेकांच्या शेजारी पाटावर बसून जेवावं लागतं. माझी बायको यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजी म्हणतो. ते एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होते. उभी नोकरी बीकर, ब्युरेट आणि चंबू धुण्यात, पुसण्यात आणि पोरांच्या हातून फुटू न देण्यात गेली. त्यामुळे काच दिसली की यांचा हात आपोआप पुढे होतो. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा ग्लास समोर आला तरी आधी तो उचलून तळ बघणार, कडेवरून बोट फिरवणार, मग पाणी पिणार. एकदा आमच्या घरी चहाच्या कपाला गेलेला केसाएवढा तडा त्यांना बैठकीच्या दारातूनच दिसला होता. माझ्या बायकोने तो कप नंतर महिनाभर उजेडात धरून पाहिला, तिला दिसला नाही. पुढच्या महिन्यात कप दुभंगला.

छंद लागला तो विभागप्रमुखांच्या निरोप समारंभात. प्राध्यापक मंडळींनी एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. बाकीचे पीत होते आणि आमचे भाऊजी शेंगदाणे खात होते. शेजारच्या प्राध्यापकांनी ग्लास रिकामा करून ठेवला तेव्हा त्यावर एक सारस पक्षी कोरलेला दिसला. एक पाय वर, मान वळवलेली. भाऊजींना राहवलं नाही. वेटरला विचारलं, हा मला मिळेल का? वेटर म्हणाला, मॅनेजरला विचारा. मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने विचारलं, काहून? भाऊजी म्हणाले, "सुंदर आहे म्हणून." मॅनेजरच्या साऱ्या कारकिर्दीत ग्लास चोरणारे शेकडो भेटले असतील, परवानगी मागणारा हा पहिलाच. त्याने धुवून, पुसून, खोक्यात घालून दिला. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला: मागून घ्यायचा, चोरायचा नाही, आणि देणाऱ्याचं नाव-गाव विचारल्याशिवाय घरी आणायचा नाही.

मी मराठीचा शिक्षक. एका रविवारी "चाल गा, इतवारीत जाऊन येऊ" म्हणून त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. भांड्यांच्या गल्लीमागे बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात आम्ही तासभर पोत्यांमध्ये हात घालत बसलो. एका टेम्पोवाल्याने शिव्या दिल्या, एका हातगाडीवाल्याने माझ्या पायावरून चाक नेलं, आणि शेवटी मोराचं चित्र असलेला एक उंच, कमरेत बारीक ग्लास निघाला. त्या ग्लासाच्या आनंदात वाटेवरच्या एका बारमध्येही डोकवायचं ठरलं. आम्ही आत बसलो, लिंबू सोडा आला, मोराचा रिकामा ग्लास मी हातात धरून पाहत होतो, आणि नेमका आठवी 'ब'मधल्या एका मुलीचा बाप समोर येऊन उभा राहिला. "सर, तुम्ही? इथं?" मी तोंड उघडण्याआधीच भाऊजींनी त्या गृहस्थांना बसवून घेतलं आणि ग्लासाचा तळ जाड का असतो, कमर बारीक का असते, फेस वर का टिकतो, हे सगळं प्रयोगशाळेत समजावून सांगावं तसं अर्धा तास समजावलं. ते गृहस्थ आपली बिअर विसरून ऐकत राहिले. पुढच्या आठवड्यात पालकसभेला आले तेव्हा माझ्या टेबलावर त्यांनी एक खोकं ठेवलं. "थायलंडहून आणला होता, सर. तुमच्या साडूंना द्या." मुख्याध्यापिकाबाई शेजारीच बसल्या होत्या. खोक्यावर बाटलीचं चित्र होतं. नंतर बाई मला काय म्हणाल्या त्याबद्दल मी आजवर काही लिहिलेलं नाही आणि पुढेही लिहिणार नाही.

हुडकेश्वरला त्यांनी निवृत्तीच्या वेळी घर बांधलं. बैठकीच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत शोकेस. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, वाटलं होतं की त्यात नातवंडांचे फोटो आणि चांदीची भांडी येतील. आले ग्लास. एकशे त्र्याऐंशी. कोणी दांडीचे, कोणी पायावर उभे, कोणी घागरीसारखे पोट सुटलेले. दर सोमवारी भाऊजी ते उतरवून, मऊ फडक्याने पुसून, चित्रं समोर येतील असे पुन्हा मांडायचे. ताईंच्या भजनी मंडळाची पाळी घरी आली की शोकेसवर कमळांचा पडदा पडायचा. एकदा ऐन भजनात पंख्याच्या वाऱ्याने पडदा सरकला आणि मंडळातल्या एका बाई टाळ थांबवून म्हणाल्या, "अवं, येवढे? रोज एक नवा लागते काय त्यायले?" ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भाऊजींवर मात्र त्या कधी ओरडल्या नाहीत. "दुसऱ्यायचे नवरे ग्लास भरून पितात," एवढंच म्हणायच्या. "माह्या नवऱ्याचे रिकामेच. आता याची तक्रार तरी कशी करू?"

आणि मग रेवतीचं लग्न ठरायची वेळ आली.

रेवती ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिथेच बरोबर काम करणारा वर्ध्याचा मुलगा तिला आवडला होता. मुलगा आम्हाला सगळ्यांना पसंत होता; एकच अडचण होती, त्याचे वडील. ते निवृत्त हेडमास्तर, खादी वापरणारे, आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असूनही गावोगाव चोरून चालणाऱ्या हातभट्ट्या शोधून फोडण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवलेली. मुलाने स्वतःच फोन केला. "काका, बाबा येतील त्या दिवशी तेवढे ग्लास... नंतर मी हळूहळू सांगीन त्यांना." रेवती नुसती बापाकडे पाहत राहिली.

भाऊजींनी दोन दिवस लावून सगळे ग्लास कागदात गुंडाळले. एकशे त्र्याऐंशी ग्लास तेरा खोक्यांत बसले आणि तेरा खोकी दोन गल्ल्या सोडून असलेल्या आमच्या घरी आली. मी म्हटलं, "भाऊजी, दोनच दिवसांचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "हो." शोकेसमध्ये स्टीलचे डबे, कागदी फुलं आणि माझ्या मुलाची बुद्धिबळाची ढाल मांडली गेली.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि हेडमास्तर. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. सांभारवडी झाली, चहा झाला, मुलीची नोकरी, मुलाची नोकरी, सगळं रीतसर झालं. ताईंचा चेहरा हळूहळू सैल होत होता. तेवढ्यात हेडमास्तर भाऊजींकडे वळले आणि म्हणाले, "मुलाने सांगितलं, तुम्ही आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. अशा घराशी नातं जुळतंय याचं मला फार समाधान आहे."

भाऊजींनी मान हलवली. मग कपाळावरचा घाम पुसला. मग शोकेसमधल्या कागदी फुलांकडे पाहिलं. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. पुढे काय होणार ते मला कळलं आणि मी घाईघाईने वर्ध्याच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं. उपयोग झाला नाही.

"सर," भाऊजी उभेच राहिले. "एक गोष्ट सांगतो, मग तुम्ही ठरवा. मी पीत नाही हे खरं आहे. पण मले बिअरचे ग्लास जमवाचा नाद आहे. एकशे त्र्याऐंशी आहेत. या शोकेसात राहतात. तुम्ही येणार म्हणून लपवून ठेवले."

ताईंच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. रेवतीने डोळे मिटून घेतले. हेडमास्तरांनी शांतपणे विचारलं, "कुठे लपवले?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यायच्या घरी."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे पितात?"

"नाही, नाही, मी शिक्षक आहे," मी म्हणालो. आजही मला कळत नाही की ते त्या प्रश्नाचं उत्तर कसं होतं.

पाहुणे थोड्या वेळाने उठले. वागण्यात कुठे उणं नव्हतं. "विचार करून कळवतो," म्हणाले. मुलाने जाताना रेवतीकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

पुढचे दिवस वाईट गेले. वर्ध्याहून निरोप नाही. रेवती पुण्याला परत गेली ती बापाशी न बोलता. ताई भाऊजींच्या पुढ्यात ताट ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. खोकी आमच्याच घरी, दिवाणाशेजारी पडलेली. भाऊजी संध्याकाळी यायचे, पण एकही खोकं उघडायचे नाहीत. मला राग आला होता. एके दिवशी मी बोललोच, "भाऊजी, काहून सांगितलं? पोरीच्या जिवापेक्षा ग्लास मोठे झाले का?"

ते म्हणाले, "ग्लास मोठे नाहीत गा. म्हणशील तं उद्याच इतवारीत नेऊन देतो सगळे. पण त्या माणसाने माह्या तोंडावर मले चांगलं म्हटलं न. तोंडदेखलं म्हटलं असतं तं ठीक होतं. त्याले खरंच वाटून राहिलं होतं. मले बसवलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, हेडमास्तर एकटेच आले. आधी फोन नाही, काही नाही. खांद्याला शबनम. दार ताईंनी उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. हेडमास्तर म्हणाले, "ते ग्लास मला पाहायचे आहेत."

भाऊजी आणि ते चालत आमच्या घरी आले. भाऊजी जमिनीवर बसले आणि त्यांनी पहिलं खोकं उघडलं. हेडमास्तर खुर्ची सोडून त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले. भाऊजी एकेक ग्लास उलगडत गेले. "हा दिलीपने दिला. सदरच्या एका बारात वेटर होता, मूळचा सावनेरचा. आता गावी चहाची टपरी आहे त्याची, चांगली चालते. हा एका ट्रक ड्रायव्हरचा. पंजाबातून आणला होता. डॉक्टरने बंद करायले लावली तं म्हणे, तुम्ही घेऊन जा, घरात दिसला की मन होते. हा एका बाईने दिला. नवरा गेल्यावर हॉटेल तिनेच चालवलं. बंद केलं त्या दिवशी मले बोलावून घेतलं." घोडा कोणत्या कंपनीचा, गरुड कोणत्या देशाचा, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. हेडमास्तर ऐकत होते. माझ्या बायकोने चहा आणून ठेवला, तो गार झाला. सात खोकी झाली तेव्हा हेडमास्तरांनी हात वर केला आणि शबनममधून धोतराच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी काढलं.

साधा ग्लास होता. जाड दांडीचा, वरची सोनेरी रेघ पुसट झालेली, पुढच्या बाजूला कोरलेलं एक जहाज.

"माझ्या धाकट्या भावाचा," ते म्हणाले. "रेल्वेत होता. तिथेच नाद लागला. मी गावोगाव भट्ट्या फोडत फिरलो आणि घरातला माणूस मला सावरता आला नाही. शेवटचे अठरा दिवस इथंच, धंतोलीच्या एका दवाखान्यात होतो आम्ही. तो गेल्यावर घरातल्या सगळ्या बाटल्या मी फोडल्या. हाही फोडणार होतो. आईने हातातून काढून घेतला. त्यानंतर ती मरेपर्यंत याच्यातच पाणी प्यायली. दारूबंदीच्या कामाची माणसं घरी यायची आणि माझी आई त्यांच्यासमोर बिअरच्या ग्लासातून पाणी प्यायची. मला शरम वाटायची. मी एकदा तिला फार बोललो. ती म्हणाली, त्याचा हात लागलाय याला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. हा तेव्हापासून माळ्यावर होता. डोळ्यांसमोर ठेववत नाही, फेकवत नाही. त्या दिवशी तुम्ही उभे राहून बोललात आणि मला हा आठवला. परत जाताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. घरच्यांना वाटलं, मी रागावलोय."

भाऊजींनी ग्लास घेतला. नेहमीसारखा उजेडात धरला नाही, तळ पाहिला नाही. मांडीवर ठेवला आणि विचारलं, "नाव काय जी भावाचं?"

"सुधाकर," हेडमास्तर म्हणाले. मग स्वतःशीच म्हणावं तसं पुन्हा म्हणाले, "सुधाकर."

लग्न मार्गशीर्षात झालं. रेवतीने पाठवणीच्या वेळी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं ते काढेचना, आणि भाऊजी तिच्या पाठीवर थोपटत "गाडी निघून राहिली, गाडी निघून राहिली" एवढंच म्हणत राहिले. त्याआधीच तेराही खोकी घरी परतली होती. कमळांचा पडदा ताईंनी स्वतः काढला आणि त्याचे उशांचे अभ्रे शिवले. जहाजाचा ग्लास मधल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर बसला. व्याही नागपूरला आले की समोरच्या खुर्चीत बसायचे. दोघं वर्तमानपत्र वाचायचे. हेडमास्तर मधूनच मान वर करून तिकडे पाहायचे आणि पुन्हा वाचायला लागायचे. भावाबद्दल मात्र ते पुन्हा बोलले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं. पितृपक्षात भाऊजी माझ्याकडे आले. हातात तीच कापडी पिशवी. "वर्ध्याले जाऊन येऊ. उद्या त्यायच्या भावाची तिथ आहे." पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला ग्लास होता. बिअरचा ग्लास घेऊन दारूबंदीच्या जिल्ह्यात चाललोय, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं आणि नेमकी त्याच दिवशी हद्दीवर बस तपासणीसाठी थांबली. हवालदाराने पिशवी उघडायला लावली, ग्लास वर काढला, हुंगला, उलटा करून पाहिला. "हे काय आहे काका?"

"आमच्या व्याह्यांच्या भावाचा आहे जी," भाऊजी म्हणाले. "आज श्राद्ध आहे त्यायचं." हवालदाराने ग्लास टॉवेलमध्ये नीट गुंडाळून परत दिला.

हेडमास्तर ओसरीवर पाय लांब करून बसले होते. भाऊजींनी ग्लास धुतला, पाण्याने भरला आणि त्यांच्या हाताशी ठेवला. जेवणं झाली. दुपार कलली. कुणी विचारलं नाही, तरी हेडमास्तर आपण होऊन बोलायला लागले. सुधाकर नदीत सूर कसा मारायचा. रेल्वेच्या शिट्ट्या तोंडाने कशा काढायचा आणि आई फसून चहा टाकायला कशी उठायची. पहिल्या पगारात मोठ्या भावाला खादीचं कापड आणलं ते इतकं जाड होतं की शिंप्याची सुई मोडली. हे सांगताना हेडमास्तर हसले. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याला असं हसताना तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं.

निघताना भाऊजींनी ग्लास टॉवेलमध्ये गुंडाळायला घेतला. हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या आता. मी याच्यातच पाणी पीत जाईन."

भाऊजींनी टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. "बरं होईल," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते. बुटीबोरी मागे पडलं तेव्हा मी म्हटलं, "वाईट वाटलं का भाऊजी?" ते म्हणाले, "वाटलं न. काहून नाही वाटणार?" आणि थोड्या वेळाने, "पण पाहिलं काय तू, कसा हसला थो माणूस?"

मधल्या फळीवर ती जागा अजून मोकळी आहे. तीन-चार नवे ग्लास आले, ते खालच्या फळीवर दाटीवाटीने बसवले आहेत. परवा माझ्या शाळेतले एक तरुण सर संग्रह बघायला आले होते. भाऊजी फळीवरून बोट फिरवत सांगत होते, हा दिलीपचा, हा ड्रायव्हर साहेबांचा, हा हॉटेलवाल्या बाईंचा. बोट मोकळ्या जागेपाशी आलं. मला वाटलं, ते पुढे जातील. ते थांबले.

"हा सुधाकरभाऊंचा," ते म्हणाले. "घरी गेला आहे." आणि मग शेजारच्या ग्लासाकडे वळले.